करारमुक्तांचा पावसाळा

जूनची पहिली तारीख उजाडली की गोव्याच्या जेटींवर ट्रॉलरांची दाटी होते. एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी लागू झालेली असते आणि समुद्रही आपल्या मस्तीत असतो. परंतु किनाऱ्यावरचा माणूस हे दिवस रिकामे मानीत नाही. फाटलेली जाळी पुन्हा विणायची, यंत्रे खोलून पुन्हा जोडायची आणि मुख्य म्हणजे येत्या मोसमात कोणता तांडेल ठेवायचा, कोणत्या खलाशाला निरोप द्यायचा, कोणाला उचल देऊन आताच बांधून ठेवायचे, याचा हिशेब याच दिवसांत मांडायचा. १ ऑगस्टला ट्रॉलर पाण्यात लोटल्यावर असा हिशेब करीत बसणारा मालक नारळी पौर्णिमेपर्यंतच तोट्यात गेलेला असतो.

फुटबॉलच्या संघाचेही नेमके असेच आहे. हंगाम संपतो, प्रेक्षागार ओस पडते, मैदानावर गवत वाढू लागते आणि आपल्याकडचे बहुतेक करार मे महिन्याच्या अखेरीस संपत असल्यामुळे पहिल्या पावसाबरोबरच कोण राहिला आणि कोण गेला याच्या वार्ता येऊ लागतात. मग हातात नवा सदरा धरून उभ्या असलेल्या खेळाडूचे छायाचित्र झळकते आणि मडगावच्या चौकापासून म्हापशाच्या बाजारापर्यंत त्यावर वाद झडतात. या वादांत ‘कोणाला घेतले’ हा एकच प्रश्न असतो. ‘का घेतले’, ‘किती वर्षांसाठी घेतले’ आणि ‘त्याच्या जागी कोणाला घरी पाठविले’ हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. आमच्या मते संघाचे बरेवाईट ठरते ते या तीन प्रश्नांवर, म्हणून आज या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. फुटबॉल हा आमच्या राज्याचा क्रीडाप्रकार म्हणून मिरविला जातो. त्याची चर्चा अग्रलेखाच्या स्तंभात कशाला, असे कोणाला वाटत असेल, तर या पावसाळी हिशेबावर गोव्यातील किती घरांची चूल अवलंबून असते याची त्याने एकदा चौकशी करावी.

‘करारमुक्त खेळाडू’ ही संज्ञा आता आपल्याकडे रुळली आहे. ज्याचा जुना करार संपला आहे आणि ज्याला घेण्यासाठी जुन्या क्लबाला एक पैही मोजावी लागत नाही, तो करारमुक्त. हा हक्क खेळाडूला सहजासहजी मिळालेला नाही. बेल्जियममधील झाँ-मार्क बॉसमन या खेळाडूचा लिएज क्लबाशी असलेला करार १९९० च्या जूनमध्ये संपला. क्लबाने नव्या करारात पगार चौथ्या हिश्शावर आणला. फ्रान्समधील डंकर्क क्लबाकडे तो जाऊ लागला, तेव्हा त्याच्यासाठी बदलीची रक्कम मागितली गेली आणि तो व्यवहार फिसकटला. करार संपला तरी माणूस मोकळा नाही, अशी ती रीत होती. बॉसमन न्यायालयात गेला आणि पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून युरोपात करार संपलेला खेळाडू आपल्या मर्जीचा मालक झाला आणि पुढे जगभरच्या नियमावलींनी हेच तत्त्व स्वीकारले. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलणी करून पुढचा करार करता येतो, हा आजचा नियम आहे. बॉसमनच्या स्वतःच्या पदरात या विजयातून फारच थोडे पडले. त्याची फळे इतरांनी खाल्ली.

आमच्या गोव्यात याहून निराळी व्यवस्था नांदत होती. तिच्याविषयी आज हळहळीने बोलणारे पुष्कळ आहेत. खाणमालकांच्या घराण्यांनी संघ उभे केले. साळगावकर, धेंपो, सेझा गोवा ही नावे खनिजाच्या बार्जेसवर जितकी दिसत, तितकीच मैदानावरच्या सदऱ्यांवरही दिसत. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि गुडघा कायमचा दुखावला तरी महिन्याचा पगार चालू राही. ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखे खेळाडू आपल्या उमेदीची वर्षे एका क्लबाकडे काढीत, त्यामागे निष्ठा होतीच, परंतु निष्ठेला नोकरीचा टेकूही होता. तो टेकू नसता तर किती जण राहिले असते, हा प्रश्न निष्ठेचे गोडवे गाणाऱ्यांनी स्वतःला विचारून पाहावा. त्या काळीही बाहेरचे बोलावणे आले म्हणजे आमचा खेळाडू जातच होता. मूळचे गोमंतकीय नेव्हिल डिसोझा मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको मुंबईत टाटांच्या संघात खेळत असतानाच १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. पोट आणि पराक्रम या दोन्हींसाठी घाट ओलांडणे हा आमच्या किनाऱ्याचा जुनाच रिवाज आहे.

कलकत्त्याची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे दरवर्षी बदलीचा मोसम येई आणि मोहन बागान व ईस्ट बंगालचे कार्यकर्ते हव्या त्या खेळाडूला प्रतिपक्षाच्या हाती लागू नये म्हणून अक्षरशः दडवून ठेवीत. या पळवापळवीच्या कथा तेथील जुने लोक आजही रंगवून सांगतात. कथा म्हणून त्या रंजक आहेत खऱ्या. परंतु ज्या गावात खेळाडूला गोण्यातल्या मालासारखे इकडून तिकडे हलविले जाते, तेथे संघबांधणी होत नाही, फक्त लिलाव होतो. अशा वातावरणातही मोठे संघ झाले, हे त्या खेळाडूंचे श्रेय म्हणावे लागेल.

गोव्याच्या संघांनी मात्र बांधणी म्हणजे काय ते देशाला दाखविले होते. आय-लीग सुरू झाल्यापासूनचे पहिले सहा हंगाम वाचकांनी आठवावेत. २००७-०८ मध्ये धेंपो, पुढल्या वर्षी चर्चिल ब्रदर्स, मग पुन्हा धेंपो, २०१०-११ मध्ये साळगावकर, मग आणखी एकदा धेंपो आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल. सहाच्या सहा विजेतेपदे या चिमुकल्या राज्यात आली. हे नशिबाने घडत नाही. धेंपोच्या संघाचा गाभा वर्षानुवर्षे तोच राहिला. त्याला दरवर्षी एकदोन नव्या माणसांची जोड मिळाली. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांना आपल्या खेळाडूंचे पाय जितके ठाऊक होते, तितकेच त्यांचे स्वभावही ठाऊक होते. जाळे जुनेच राहिले, पण त्याचा प्रत्येक फाटलेला फास वेळच्या वेळी विणला गेला.

पुढे काळ बदलला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ज्या थैलीतून संघांचा खर्च चाले ती आटू लागली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अवतरली. २०१६ च्या जूनमध्ये, आय-लीगला दुय्यम ठरविणाऱ्या आराखड्याच्या निषेधार्थ, साळगावकर व स्पोर्टिंग यांनी आणि त्यांच्यापाठोपाठ धेंपोने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. या निर्णयाचे समर्थन करणारे आणि न करणारे असे दोन्ही पक्ष तेव्हा होते. आम्ही येथे तो वाद उकरून काढीत नाही. एवढेच नोंदवितो की त्या एका महिन्यात, देशपातळीवर खेळण्यासाठी गोव्यात जी तीन दारे होती, ती तिन्ही मिटली. धेंपोचे दार पुन्हा उघडायला आठ वर्षे गेली. तिसऱ्या श्रेणीतून वर येऊन तो संघ २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. दरम्यान एका पिढीतले मुलगे वयाने मोठे झाले होते.

उरले एफसी गोवा. या क्लबाच्या अवघ्या बारा वर्षांच्या इतिहासात संघबांधणीचे उत्तम आणि दुखरे असे दोन्ही धडे सापडतात. २०१६ च्या हंगामात झिकोसारखा जगद्विख्यात माणूस प्रशिक्षक असूनही हा संघ तळाला राहिला. क्लबाने पुढच्या पावसाळ्यात शांत डोक्याने घर आवरले. लक्ष्मीकांत कट्टीमनी आणि मंदार राव देसाई या दोघा गोमंतकीयांना ठेवून घेतले, सेर्जिओ लोबेरा यांना प्रशिक्षक म्हणून आणले आणि सायप्रसमध्ये खेळणाऱ्या फेरान कोरोमिनास या चौतीस वर्षांच्या स्पॅनिश खेळाडूवर भरवसा टाकला. चौतिशीचे वय ऐकून नाके मुरडणारे त्या वेळी कमी नव्हते. त्याच माणसाने लागोपाठ दोन हंगाम लीगमध्ये सर्वांहून अधिक गोल केले आणि तीन हंगामांत मिळून अठ्ठेचाळीस. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोरोमिनासच्या यशाचे गमक त्याला कमी मोबदल्यात मिळविण्यात नव्हते. प्रशिक्षकाला खेळाची जी पद्धत बसवायची होती, तिला नेमका कसा माणूस हवा, हे आधी ठरले होते आणि माणूस नंतर शोधला गेला. आपल्याकडे बहुधा उलटे होते. बाजारात कोण मोकळा आहे ते आधी पाहतात, मग त्याच्याभोवती संघ कसा बसवावा याची चिंता करतात. यालाच आमच्या भाषेत खोगीरभरती म्हणतात.

तीन वर्षांत या संघाने अंतिम फेरी गाठली, २०१९ मध्ये सुपर कप जिंकला आणि २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल राहून आशियातील सर्वोच्च क्लबस्पर्धेच्या गटात खेळण्याचा मान मिळविला. तो मान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. आणि मग २०२० चा पावसाळा आला. लोबेरा यांना हंगाम संपण्याआधीच निरोप मिळाला होता. ते मुंबईच्या संघाकडे गेले. त्यांच्यामागोमाग मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस, अहमद जाहू आणि मंदार राव देसाई गेले. कोरोमिनासही उरला नाही. कोणी करार संपला म्हणून गेले, कोणासाठी दाम मोजला गेला. एका पावसाळ्यात संघाचा कणाच उचलला गेला.

याची फलश्रुती पाहण्यासाठी गोव्याच्या प्रेक्षकाला मुंबईपर्यंत जावेही लागले नाही. साथीमुळे २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर रिकाम्या प्रेक्षागारांसमोर खेळला गेला. उपान्त्य फेरीत मुंबई आणि गोवा यांचीच गाठ पडली, दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि पेनल्टींवर गोवा हरले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर करंडक उंचावणाऱ्या संघात आदल्या वर्षी गोव्याचा सदरा घालणारे किती तरी जण होते. जो संघ आम्ही तीन वर्षांत घडविला, तो आमच्याच अंगणात दुसऱ्याच्या नावाने जिंकला. मुंबईच्या व्यवस्थापनाला दोष देण्याचे काही कारण नाही. पिकलेले फळ ज्याची फांदी कुंपणाबाहेर जाते, त्याचे शेजारी खाणारच. प्रश्न असा की एकाच वर्षी इतक्या फांद्या कुंपणाबाहेर गेल्याच कशा?

उत्तर करारांच्या तारखांत आहे. संघातील मुख्य सात-आठ खेळाडूंचे करार एकाच वर्षी, किंवा एकाच प्रशिक्षकाच्या मुदतीबरोबर, संपत असतील तर त्या वर्षी क्लब आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो. जाणता व्यवस्थापक करार असे लिहितो की दरवर्षी फार तर तिघाचौघांची मुदत संपावी. ज्याची मुदत संपायला एक वर्ष उरले असेल, त्याच्याशी त्याच वर्षी निकाल लावावा. राहणार असेल तर नवा करार व्हावा, राहणार नसेल तर दाम येतो आहे तोवर त्याला सोडावे. अखेरचे सहा महिने सुरू झाले की सर्व पत्ते खेळाडूच्या आणि त्याच्या दलालाच्या हातात जातात. मग क्लबाला उरते ते निरोपाचे पुष्पगुच्छ देण्याचे काम.

गोव्याने २०२० नंतर सावरण्याचा प्रयत्न केला हे मान्य केलेच पाहिजे. पोलंडमधल्या क्लबाशी करार संपलेल्या इगोर अंगुलोला छत्तिसाव्या वर्षी आणले आणि त्यानेही लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. परंतु पुढच्या गोष्टीत या पद्धतीची मर्यादाही दिसून आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्यावर आशियाई स्पर्धेचे सामने झाले, तेव्हा त्या स्पर्धेत चारच परदेशी चालत आणि त्यांतला एक आशियाई असावा लागे. या गणितात अंगुलो बसला नाही. सर्वाधिक गोल करणारा माणूस सर्वांत मोठ्या परीक्षेला बाहेर. पुढच्या पावसाळ्यात तोही मुंबईला गेला. वर्षाच्या करारावर आणलेला करारमुक्त खेळाडू भाड्याच्या होडीसारखा असतो. मासळी भरपूर आणील, पण मोसम संपला की होडी परत.

२०२४ मध्ये ब्रँडन फर्नांडिस गेला. सात वर्षे गोव्याकडून खेळलेला, कप्तानी केलेला, साष्टीच्या मातीतला हा खेळाडू करार संपताच मुंबईच्या संघात दाखल झाला आणि गोव्याच्या हाती बदलीपोटी काहीही आले नाही. त्याच्यावर तेव्हा कृतघ्नतेचे आरोप झाले. ते आम्हांस मुळीच मान्य नाहीत. फुटबॉलपटूची कमाईची वर्षे दहा-बारा. त्यांतले गुडघ्याने आणि घोट्याने खाल्लेले दिवस वजा करावेत. सरकारी कारकून तीस वर्षांत जे मिळवितो ते त्याला या दहा वर्षांत मिळवायचे असते. जुन्या काळी मालकाच्या मर्जीवर जगणारा खेळाडू आज आपल्या सहीची किंमत स्वतः ठरवितो, यात वाईट वाटण्याजोगे काय आहे? माणसाच्या स्वातंत्र्याचे गोडवे गायचे आणि ते आपल्या आवडत्या खेळाडूने वापरले की डोळे वटारायचे, हा दुटप्पीपणा झाला. आमचा प्रश्न खेळाडूला नसून क्लबाला आहे.

आणि क्लबाहूनही मोठा प्रश्न गावाला पडायला हवा. लिस्टन कुलासोचे उदाहरण घ्या. दवर्लीच्या या मुलाने गोव्याच्या राखीव संघात पाय रोवले, २०२० च्या आरंभी तो हैदराबादला गेला आणि २०२१ मध्ये तेथून कलकत्त्याच्या मोहन बागानला, त्या वेळी भारतीय खेळाडूसाठी विक्रमी समजल्या गेलेल्या रकमेला. त्या मोठ्या रकमेची बोलणी हैदराबादने केली. ज्या रोपट्याला येथे खतपाणी मिळाले, त्याचा बहर विकायला दुसरा माळी होता.

येथे एक नियम आहे आणि तो आपल्या गावोगावच्या क्लबांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. जागतिक संघटनेच्या नियमावलीनुसार, कराराच्या मुदतीत खेळाडू दाम घेऊन एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला, तर त्या दामातील पाच टक्के रक्कम, त्याच्या वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडविले त्यांच्यात वाटली जाते. याशिवाय पहिला व्यावसायिक करार झाला की, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत पुढच्या बदल्यांच्या वेळीही, प्रशिक्षणाचा मोबदला देण्याची तरतूद आहे. देशांतर्गत बदल्यांसाठी राष्ट्रीय संघटनांनी अशीच व्यवस्था ठेवावी, असेही नियमावली सांगते. पण यात दोन मेखा आहेत. पहिली अशी की तेविशीपुढचा खेळाडू करारमुक्त होऊन गेला की दामच नसतो, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच. दुसरी याहून साधी आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणी आहे. हा मोबदला कागदावरच्या नोंदींवर ठरतो. मुलगा बाराव्या वर्षी कोणत्या क्लबात नोंदला होता, तेराव्या वर्षी कोठे, चौदाव्या वर्षी कोठे, याचा सलग दाखला हवा. कापणी झालेल्या शेतात बांबूचे गोल रोवून मुलांना संध्याकाळी खेळविणाऱ्या आमच्या क्लबांकडे चेंडूला पैसे नसतात, तेथे नोंदवह्या कोठून असणार? जो शिक्षक पदरमोड करून दहा वर्षे मुले शिकवितो, त्याच्या क्लबाचे नाव दाखल्यावर नसते. नाव असते ते मुलगा सोळाव्या वर्षी ज्या मोठ्या क्लबाने उचलला त्याचे.

कागदाला कोणी क्षुल्लक समजत असेल तर त्याने चर्चिल ब्रदर्सला विचारावे. ६ एप्रिल २०२५ रोजी आय-लीगचा हंगाम संपला तेव्हा चाळीस गुणांनिशी चर्चिल अग्रस्थानी होते. विजेते म्हणून त्यांची घोषणाही झाली. मात्र इंटर काशी या संघाच्या एका परदेशी खेळाडूची नोंदणी रद्द करून ती पुन्हा करणे नियमात बसते की नाही, हा वाद राष्ट्रीय संघटनेच्या समित्यांतून थेट स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापुढे गेला. १८ जुलैला लवादाने काशीच्या बाजूने निकाल दिला, विजेतेपद तिकडे गेले आणि वरच्या लीगचे दारही त्यांच्यासाठी उघडले. बावीस सामने पायांनी खेळले गेले, शेवटचा सामना वकिलांनी. निकालाच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. परंतु खेळाडूंची यादी, तिच्यातील बदल आणि त्यांच्या तारखा यांत एका संघाचे वर्षभराचे भवितव्य कसे अडकलेले असते, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधूनही सापडणार नाही.

त्याच २०२५ च्या पावसाळ्यात करारमुक्त या शब्दाचा खरा अर्थ देशभरच्या खेळाडूंना कळला. राष्ट्रीय संघटना आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यातला २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाचे घोडे अडले, संघटनेच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, आणि ११ जुलै रोजी कंपनीने पुढचा हंगाम स्थगित ठेवल्याचे क्लबांना कळविले. काही क्लबांनी सराव थांबविला, काहींनी पगार. नोव्हेंबरात व्यावसायिक हक्कांसाठी मागविलेल्या निविदेला एकही बोलीदार पुढे आला नाही. ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी मध्ये पडून १४ फेब्रुवारीपासून आखूड हंगाम खेळविण्याची घोषणा केली, तोवर सात महिने निघून गेले होते. ज्यांचे करार मे २०२५ मध्ये संपले होते, ते खेळाडू या सात महिन्यांत पूर्णतः मुक्त होते. कोणाकडेही जायला मोकळे, आणि जायला कोठेच नाही. बाजारच भरला नाही तर मोकळ्या हाताने विकायला आलेल्या माणसाने आपला माल कोणाला दाखवावा? जुन्या खाणकंपनीच्या कचेरीतली ती कंटाळवाणी खुर्ची त्या पावसाळ्यात अनेकांच्या वडिलांना आठवली असेल. आम्ही त्या व्यवस्थेचे भक्त नाही. पण स्वातंत्र्याला पायाखाली जमीन लागते, हे त्या सात महिन्यांनी दाखवून दिले.

या पडझडीत एफसी गोवाचे वर्तन मात्र वाखाणण्याजोगे होते, हे न सांगणे अन्यायाचे ठरेल. ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला तीन गोलांनी नमवून त्यांनी सुपर कप जिंकला होता आणि त्यामुळे १३ ऑगस्टला ओमानच्या अल-सीबविरुद्ध आशियाई स्पर्धेचा प्रवेशसामना त्यांच्यापुढे उभा होता. लीग होणार की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते, तरी या क्लबाने संघ बांधला, सराव सुरू ठेवला. मे महिन्यात जमशेदपूरकडून अंतिम सामन्यात हरलेला हावियेर सिवेरियो करारमुक्त होताच गोव्याने त्याला आपल्याकडे घेतले आणि अल-सीबविरुद्धच्या दोन गोलांपैकी एक त्याचा होता. सामना २-१ असा जिंकला. दाराशी आलेल्या संधीसाठी नेमका माणूस नेमक्या वेळी आणणे म्हणजे काय, ते येथे दिसले. गटातील सामन्यांत पुढे जाता आले नाही, तरी २२ ऑक्टोबरला सौदी अरबस्तानच्या अल-नस्रविरुद्ध फातोर्ड्यावर १-२ अशी झुंज झाली आणि गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिस या घरच्या मुलाने केला. डिसेंबरात ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवून सुपर कप त्यांनी राखलाही. त्या संध्याकाळी रोनाल्डो आला नाही म्हणून हिरमुसलेले प्रेक्षक ब्रायसनच्या गोलानंतर रोनाल्डोला विसरले होते.

म्हणूनच आमची अपेक्षा या क्लबाकडून अधिक आहे. परदेशी खेळाडू हवेतच. कोरोमिनास आणि अंगुलो यांच्यापासून येथल्या मुलांनी पुष्कळ शिकले असेल. पण परदेशी माणूस त्याच जागेवर आणावा, जेथे येत्या दोन वर्षांत घरचा मुलगा उभा राहण्याची शक्यता नाही. जेथे ती शक्यता आहे तेथे तिशी उलटलेला पाहुणा आणून बसविणे म्हणजे त्या मुलाची दोन वर्षे बाकावर घालविणे. राखीव संघातून वर आलेल्या मुलाशी वर्षावर्षाचे करार करू नयेत. त्याला तीन वर्षांची सही द्यावी. तो फसला तर क्लबाचा तोटा थोडा, आणि फळला तर तो फुकट जाणार नाही. त्याला कोणी नेले तरी दाम मोजून नेईल आणि त्या दामातून दुसरे दोन मुलगे घडतील. ज्यांना निरोप द्यायचा आहे, त्यांना तो एप्रिलमध्ये सांगावा. जूनच्या अखेरीस, बाकीच्या क्लबांच्या याद्या भरल्यावर, दूरध्वनीवर ‘यंदा जागा नाही’ म्हणून सांगणे हे सभ्य माणसाचे वागणे नव्हे. असा निरोप मिळालेला एक तरुण आम्ही पाहिलेला आहे. कोणत्या क्लबाने दिला ते सांगण्याचे कारण नाही. त्याने बाविसाव्या वर्षी बूट माळ्यावर टाकले आणि सध्या तो परदेशी जहाजावर नोकरी करतो. पगार बरा आहे म्हणे.

एक आक्षेप येईल तो आम्ही आधीच घेतो. व्यावसायिक क्लब ही काही धर्मादाय संस्था नव्हे, त्याने जिंकण्यासाठी संघ बांधावा, गोमंतकीयांना नोकऱ्या देण्यासाठी नव्हे, असे म्हणणारे म्हणतील. अगदी खरे. आम्ही राखीव जागा मागत नाही. जो मुलगा कमी पडतो त्याला केवळ तो काणकोणचा किंवा पेडण्याचा म्हणून खेळवावे, असे म्हणणे हा त्या मुलाचाच अपमान होईल. पण २०२० ने हिशेबाच्या भाषेतच सांगितले आहे की दरवर्षी नव्याने विकत घेतलेला संघ दरवर्षी नव्याने शिकतो. धेंपोने तीन आय-लीग विजेतेपदे ज्या सूत्रावर मिळविली, त्यात भावनेपेक्षा व्यवहार अधिक होता.

उरली गोवा फुटबॉल संघटना. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे निवडणुकांचे डावपेच लढविण्यासाठी वेळ आणि उत्साह या दोन्हींची वाण कधी पडलेली नाही. त्यातला थोडासा उत्साह आम्ही उसना मागतो. साष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगावच नव्हे तर सत्तरी आणि सांग्यातलाही, संलग्न क्लबात खेळणारा बारा वर्षांचा प्रत्येक मुलगा संघटनेच्या नोंदीत यावा. तो ज्या क्लबात, ज्या शिक्षकाच्या हाताखाली खेळला, त्या क्लबाचे नाव वर्षागणिक त्याच्या दाखल्यावर चढावे. गावच्या क्लबाला ते अर्ज भरता येत नसतील तर संघटनेच्या माणसाने गावात जाऊन भरावेत. उद्या त्यातला एखादा ब्रँडन वा लिस्टन निघाला आणि परदेशी क्लबाने त्याला दाम देऊन नेले, तर शेतातल्या त्या क्लबाला आपला वाटा हक्काने मागता येईल. या कामाला नवे मैदान लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही आणि मंत्र्यांच्या हस्ते कोनशिलाही बसवावी लागत नाही. दोन कारकून, एक संगणक आणि तालुकावार दौऱ्याचा कार्यक्रम पुरेसा आहे. पावसाळ्यात संघटनेच्या कचेरीत फारशी वर्दळ नसते. चवथीपूर्वी निदान एका तालुक्याची यादी पुरी व्हावी.